हर्टफर्डशर योमनरी : १३५ वी फील्ड रेजिमेंट

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी) तोफखाना रेजिमेंट. हिचे जवान मूळचे नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणारे.

हिचे मूळ किती मागे न्यावे, याबाबत एकवाक्यता नाही. योमनरी म्हणजे खेडोपाडीच्या जमीनधारकांचे स्वयंसेवी घोडदळ. हर्टफर्डशर या इंग्लंडमधील परगण्यातील पथके साधारणपणे १७९४ च्या सुमाराची मानली जातात. पहिल्या महायुद्धानंतर ज्येष्ठतेने पहिल्या चौदा योमनरी रेजिमेंटांकडेच घोडे राहिले. बाकीच्या बहुतेक तोफखान्यात गेल्या. हर्टफर्डशरची झाली ८६ वी ब्रिगेड. तोफखान्यातील ‘ब्रिगेड’ची ‘रेजिमेंट’ १९३८ मध्ये झाली, त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील ८६ वी ब्रिगेड आणि पुढची ८६ वी रेजिमेंट ही दोन पथके समजू नयेत. मार्च १९३९ मध्ये प्रादेशिक सेना दुप्पट करण्याचा निर्णय झाला आणि ८६ व्या रेजिमेंटची जोड म्हणून १३५ वी उभी राहिली. परंपरा जुनी, पथक नवे, असे मानणेच अधिक सयुक्तिक वाटते.

हत्यार होते पंचवीस पौंडी तोफ : गोळा सुमारे ११.३ किग्रॅ., पल्ला सुमारे १२ किमी. तोफेखाली गोल चकती असे. तीवर चाके चढवली की एकटा जवानही तोफ हव्या त्या दिशेला फिरवू शके.

१३५ वी ज्या १८ व्या डिव्हिजनमध्ये होती, तिचा ताफा नोव्हेंबर १९४१ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सहून मध्यपूर्वेकडे निघाला. वाटेत जपान युद्धात उतरला. डिव्हिजनचा मोठा भाग मुंबईला उतरून अहमदनगरला सरावासाठी थांबला. १३५ वी मात्र ५३ व्या पायदळ ब्रिगेडबरोबर १३ जानेवारी १९४२ रोजी थेट सिंगापूरला पोहोचली. त्यानंतर मलायाच्या दक्षिण टोकाचे जोहोर, मग सिंगापूर बेट, आणि १५ फेब्रुवारीला शरणागती. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी (१९०४–७५) यांचा पेशा बँकेतला. त्यांना आधीच निघून जाण्याचा आदेश मिळाला होता; जवानांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला.

बंदिवासात सयाम (आजचे थायलंड)–ब्रह्मदेश रेल्वेवरील तामर्कन छावणीत टूझी ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी होते. जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या तेथील पुलांमुळे त्यांच्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा आक्षेप ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या कादंबरी-चित्रपटांतून रूढ झाला. तो टिकत नाही. स्वच्छता, शिस्त आणि अन्नासाठीची रोजची हुज्जत यांमुळे त्या छावणीत मृत्यू तुलनेने फार कमी झाले. पुलाच्या लाकडी खांबांत मुद्दाम वाळवी सोडल्याचेही सांगितले जाते. नदीचे नावही तेव्हा मे क्लोंग होते. ख्वे याई हे नाव १९६० मधले. याच रेल्वेवर मलायातील मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी मेले. त्यांची नावेसुद्धा फारशी नोंदली गेली नाहीत.

मूळची ८६ वी रेजिमेंट ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ‘गोल्ड’ किनाऱ्यावर स्वयंचलित तोफांसह उतरली.