काँक्रीट अँकरची भारक्षमता : भंगभार आणि अनुज्ञेय भार

कडक झालेल्या काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवलेला अँकर (बांधकामावरच्या बोलीत ‘फास्टनर’) ज्या भाराला निकामी होतो तो त्याचा भंगभार. वापरात त्याच्यावर जास्तीत जास्त जेवढा भार येऊ द्यायचा तो अनुज्ञेय भार. कॅटलॉगात हे आकडे अनेकदा शेजारच्या रकान्यांत छापलेले असतात आणि घोळ तिथेच होतो.

अमेरिकी पद्धतीच्या जुन्या तक्त्यांत भंगभार म्हणजे अनेक चाचण्यांची सरासरी. सरासरी म्हटल्यावर काही अँकर त्याच्या आतच निसटलेले असणार. म्हणून त्याला सुरक्षा गुणांकाने, बहुधा 4 ने, भागतात : 40 किलोन्यूटन भंगभाराच्या अँकरवर 10 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक टन. डोक्यावर टांगलेल्या वजनासाठी गुणांक याहून मोठा घेतात. युरोपीय तक्त्यांची रीत वेगळी. तिथला ‘वैशिष्ट्यपूर्ण’ भार सरासरी नसतो. शंभरातले पंच्याण्णव अँकर तो पेलतील असा तो ठरवलेला असतो. 12 किलोन्यूटनच्या अशा आकड्याला 1.5 ने भागले की संकल्पन भार 8, आणि त्याला पुन्हा 1.4 ने भागले की शिफारस केलेला भार 5.7 किलोन्यूटन. संकल्पन भाराची तुलना वाढीव भाराशी (प्रत्यक्ष भाराला सुरक्षेसाठी गुणून आलेल्या भाराशी) करायची असते, नुसत्या वजनाशी नव्हे. आणि या 5.7 ला कोणी परत 4 ने भागले, तर खर्च विनाकारण वाढतो.

आकडा कोणत्याही रकान्यातला असो, तो चाचणीच्या ठोकळ्याचा असतो. आपल्या तुळईचा नसतो. ओढ दिल्यावर दर वेळी बोल्टच तुटतो असे नाही. पुष्कळदा काँक्रीटचा शंकूच उपटून येतो, आणि त्याची ताकद रोवण्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताने वाढते. सी 20/25 या युरोपीय दर्जाच्या काँक्रीटमध्ये (म्हणजे साधारण आपल्या एम 25 मध्ये, कारण दुसरा आकडा घनाकृती ठोकळ्याच्या चाचणीतल्या ताकदीचा, आणि एम 25 मधला 25 ही तसाच) 70 मिमी खोलीला शंकूची वैशिष्ट्यपूर्ण क्षमता सुमारे 29 किलोन्यूटन येते. तडा गेलेल्या भागात तीच 20 वर उतरते, आणि तुळईचा खालचा भाग तर तडा गेलेलाच धरायचा असतो. पूर्ण शंकू मिळायला कडेपासून 105 मिमी आणि दोन अँकरमध्ये 210 मिमी अंतर हवे. तेच दोन अँकर 105 मिमीवर बसवले, तर जोडी मिळून एकाच्या दीडपटच भार घेते.

ओढ आणि कातर (अँकरला आडवा ढकलणारा भार) एकत्र येतात तेव्हा प्रत्येकीचे अनुज्ञेय भाराशी गुणोत्तर काढून बेरीज 1 च्या आत ठेवतात. ओढ 0.6 आणि कातर 0.5 असल्यास या सरळ नियमात अँकर नापास होतो. गुणोत्तरांचा 5/3 घात घेणाऱ्या नियमात बेरीज 0.74 भरते आणि तो पास होतो. अँकरच्या कागदपत्रांत जो नियम दिला असेल तोच लावावा.

रासायनिक अँकरचा, म्हणजे भोकात इपॉक्सीसारख्या चिकट मसाल्याने चिकटवलेल्या बोल्टचा, प्रश्न या तक्त्यांत सहज दिसत नाही. 10 जुलै 2006 रोजी बॉस्टनमधल्या बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे फलक मोटारीवर कोसळून एक महिला ठार झाली. बसवताना घेतलेल्या अल्पकालीन ओढ-चाचण्या तिथल्या अँकरनी पार केल्या होत्या. पण लवकर घट्ट होणारे इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेले, असा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष होता. जपानच्या सासागो बोगद्यात 2 डिसेंबर 2012 रोजी छताचे फलक पडून 9 जण दगावले; तेही चिकटवलेल्या बोल्टांवरच टांगलेले होते. म्हणून कायम टांगत्या भारासाठी दीर्घकालीन चाचणीवर बेतलेला आकडाच पाहावा लागतो. भोकातली धूळ फुंकून, ब्रश मारून काढली आहे, हे त्या आकड्यात गृहीतच असते.

जागेवर ओढ-चाचणी घेताना यंत्राचे पाय अँकरला खेटून ठेवले, तर शंकूला उपटून यायला वावच उरत नाही. अशा चाचणीतून चिकट मसाल्याची पकड कळते; काँक्रीटची ताकद गणितानेच तपासावी लागते.