उघाडीला मिळणारी मिनिटं

समुद्राची पातळी वाढली की किनाऱ्यावरची गावं बुडणार, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. कोकणात दुखणं त्याच्या बरंच आधी सुरू होतं: आत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जाईनासं होतं.

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातली भातखाचरं मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यांना राखतात मातीचा बांध आणि बांधातली उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडपेची वाट. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला बिजागरीवर असते. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. मोटर नाही, वीज नाही. अट एकच, खाडीचं पाणी आतल्यापेक्षा खाली हवं.

आता हिशेब. आतलं पाणी समुद्राच्या सरासरी पातळीइतकं धरू. १२ तास २५ मिनिटांच्या भरती-ओहोटीत निचऱ्याला सुमारे ६ तास १२ मिनिटं मिळतात. समुद्र २० सेंटिमीटर चढला, तर ४.४ मीटर चढउताराच्या उधाणात, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, त्यातली २२ मिनिटं जातात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार सगळ्यात कमी असतो. तेव्हा चढउतार २ मीटरचा धरला, तर ४८ मिनिटं जातात! धास्ती उधाणाची असते, पण निचरा जास्त अडतो तो भांगात. आणि हे २० सेंटिमीटर काल्पनिक नाहीत. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी तेवढीच वाढली. २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता.

उधाण बांधावर येतं. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतं, आतली माती वाहते आणि बांध फुटून खांड पडते. मग प्रत्येक भरती-ओहोटी ती रुंद करते, म्हणून खांड बुजवायची ती भांगातच. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत पावसाचं पाणी कोंडून क्षार विरघळवावे लागतात, आणि ते पाणी सोडायला पुन्हा उघाडीच लागते. 'पनवेल' मालिकेतल्या भाताच्या जाती खारटपणा सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

मुंबईचं गटारही भरतीपुढे असंच हतबल होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे ते पाणी समुद्रात जाईना. हाजी अली, इर्ला इथे आता दरवाजे लावून पंपाने पाणी समुद्रात फेकतात. खारपट्ट्यात तेवढे पंप परवडणार नाहीत. तिथे नुसता बांध उंच करून भागत नाही, उघाड्या वाढवाव्या लागतात. पावसाळ्याआधी झडपेपुढचा गाळ काढावा लागतो, कारण फटीत बांबूचा एक तुकडा अडकला तरी झडप पुरती मिटत नाही आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येत राहतं.