सावलीबागेतील रानफुले (सह्याद्री)

सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या दाट छायेखाली वाढणारी फुलझाडे घराजवळच्या आंब्या-फणसाच्या सावलीत जोपासण्याची पद्धत. यांतली बरीचशी कंदवर्गीय आहेत. पहिल्या पावसाबरोबर ती जमिनीबाहेर येतात, पावसाळा सरला की पाने पिवळी पडून नाहीशी होतात आणि उरलेले महिने कंद जमिनीत निपचित असतो.

रानहळद ऊर्फ शिंदळवण ओळखावी ती तुऱ्याच्या शेंड्यावरील गुलाबी छदांवरून, म्हणजे फुलोऱ्यातील पानांसारख्या भागांवरून. खरी फुले पिवळी, त्याखालच्या हिरवट छदांत दडलेली असतात. तिचे सुरुवातीचे तुरे पानांच्या बाजूला, जमिनीलगत निघतात आणि नंतरचे पानांच्या मधून. त्यामुळे जूनमध्ये व ऑगस्टमध्ये पाहिलेली झाडे दोन वेगळ्या जातींची वाटतात. पेव फुलावर येण्याआधीही ओळखता येते, कारण त्याची पाने खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात. सापकांद्याचा फुलोरा नागाच्या फण्यासारख्या आवरणात असतो. कंद लहान असेपर्यंत त्याला केवळ नरफुले येतात. मादीफुलांसाठी कंद चांगला पोसावा लागतो. त्याच्या रसाने खाज सुटते, म्हणून हाताळताना हातमोजे घालावेत.

कंद मेअखेरीस, दोन-तीन इंच खोल लावावेत. माती भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याची आणि पाणी न साचणारी हवी. गळलेली पाने झाडून न टाकता तशीच राहू द्यावीत. जंगलात त्यांचे खत तेच. सर्वाधिक नुकसान होते ते हिवाळ्यात. झाड मेले असे समजून लोक जागा खणतात, किंवा ते जगावे म्हणून पाणी घालत राहतात आणि झोपी गेलेला कंद कुजतो. कंदाभोवती दगड मांडून ठेवले की जागा विसरली जात नाही.

रोपे जंगलातून उपटून आणू नयेत. अभयारण्यातून वनस्पती नेणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहेच. शिवाय भुईआमरीसारखी जमिनीवरची ऑर्किडे मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात, ती बागेत आणली की सहसा टिकत नाहीत. ती रानातच पाहावीत. रानहळद किंवा पेव मात्र कुणाच्या परसातले गड्डे विभागून सहज मिळते, आणि पेव खोडाच्या तुकड्यांपासूनही रुजते.

कंद झोपलेले असताना बाग ओकी दिसू नये यासाठी मध्ये दशमुळी लावावी. तिची निळी फुले हिवाळ्यात उमलतात आणि सुकताना तांबूस होतात.