हवामान बदलाच्या बातमीत ‘दुसरी बाजू’ कुठून आली?

न्यूझीलंडच्या ‘रॉडनी अँड ओटामाटिया टाइम्स’ने १४ ऑगस्ट १९१२ रोजी मोजक्या ओळींचा एक मजकूर छापला. जगभरच्या भट्ट्यांत वर्षाला सुमारे २ अब्ज टन कोळसा जळतो, त्यातून ७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याने पृथ्वीचे तापमान वाढते आणि काही शतकांत हा परिणाम बराच जाणवेल, एवढेच त्यात होते. मजकूर मूळचा ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकातला. कुणाची प्रतिक्रिया नाही, कुणाचे खंडन नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी याचे गणित १८९६ मध्येच मांडले होते.

पुढची कित्येक दशके विषय बहुतेक विज्ञानाच्या सदरातच राहिला. १९७५ मध्ये ‘न्यूजवीक’ने पृथ्वी थंड होत असल्याचा लेख छापला, ते कात्रण आजही शास्त्रज्ञांना खोटे पाडायला फिरवले जाते. पण १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध नंतर तपासले, तेव्हा थंडीचे भाकीत करणारे ७ आणि तापमानवाढीचे ४४ निघाले.

पारडे फिरले ते १९८८ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेत दुष्काळ आणि उष्णतेची लाट होती. २३ जूनला ‘नासा’चे जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, ही तापमानवाढ नैसर्गिक चढउतार नाही, याची ९९ टक्के खात्री आहे. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ती बातमी होती. त्याच वर्षी हवामान बदलाच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आयपीसीसी, स्थापन झाली. आता प्रश्न कोळशाचा, करांचा, आंतरराष्ट्रीय करारांचा झाला आणि तो राजकीय वार्ताहरांच्या हाती गेला.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. एका पक्षाचे म्हणणे घेतले की दुसऱ्याचेही घ्यायचे, हे राजकीय बातमीदारीतले शहाणपण. तेच भौतिकशास्त्राला लावले गेले. दुसरी बाजू पुरवायलाही माणसे तयार होती : १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ उभारली. मोबिल कंपनी तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिराती देऊन विज्ञान अजून अनिश्चित असल्याचे सांगत होती. डेडलाइन डोक्यावर असलेल्या वार्ताहराला प्रतिक्रिया आयतीच मिळे. १९८८ ते २००२ या काळातल्या चार मोठ्या अमेरिकी दैनिकांच्या ६३६ बातम्या बॉयकॉफ बंधूंनी तपासल्या. सुमारे ५३ टक्के बातम्यांनी माणसाचा हात आणि निसर्गाचा खेळ या दोन्ही मतांना सारखेच वजन दिले होते.

भारतातल्या इंग्रजी दैनिकांत मात्र वादाची रेघ वेगळीच होती. तापमान वाढते आहे का, हा प्रश्न तिथे फारसा नव्हता. श्रीमंत देशांनी केलेल्या प्रदूषणाचा भार कोणी उचलायचा, हा होता.

७ डिसेंबर २००९ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या कोपनहेगन हवामान परिषदेच्या पहिल्या दिवशी, ४५ देशांतल्या ५६ वृत्तपत्रांनी तातडीने पावले उचला असे सांगणारा एकच अग्रलेख छापला. पण त्याआधीच ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे चोरलेले ईमेल, ते आकडे फिरवतात या आरोपासह, गाजत होते. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे आयपीसीसीच्या अहवालातले विधान चुकीचे असल्याचे उघड झाले. वृत्तपत्रांनी ते झोडपले, आणि ते रास्तच होते. गंमत अशी की, या आकड्याचा माग काढत गेले तर तो ‘न्यू सायंटिस्ट’मधल्या १९९९ च्या एका बातमीपाशी पोहोचतो. पत्रकारितेतून अहवालात आणि अहवालातून पुन्हा बातमीत!

२००५ ते २०१९ मधल्या पाच देशांतल्या १७ वृत्तपत्रांच्या तपासणीत मात्र सुमारे ९० टक्के मजकुराने माणसाचा हात नीट मांडलेला आढळला. उजव्या विचारांच्या वृत्तपत्रांत हे प्रमाण कमी होते. ‘दुसरी बाजू’ संपलेली नाही. कारण कोणते, यावरून ती आता उपाय किती महाग आणि घाई कशाला, या प्रश्नांवर आली आहे.