चिखलातून आलेली एटीव्ही धुताना

पावसाळा लागला की आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी हीट होते, बेल्ट घसरतो, चाकातून घरघर येते, सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. आणणाऱ्याचं म्हणणं असतं, चिखलात चालवली म्हणून असं झालं. उघडून बघितलं की बरेचदा दोष चिखलाचा नसतो, चिखल काढायला मारलेल्या पाण्याचा असतो. एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरची उघडी चारचाकी, चिखलासाठीच बनवलेली आहे. वीतभर अंतरावरून बेअरिंगच्या सीलवर मारलेला प्रेशर पंप सोसायला मात्र ती बनवलेली नाही.

हे पत्रक रिसॉर्ट आणि कॅम्पवर गाड्या भाड्याने देणाऱ्यांसाठी आहे, फार्महाऊसवर एखादी गाडी ठेवणाऱ्यांसाठीही आहे. एक विनंती: वाचून ड्रॉवरमध्ये टाकू नका, धुण्याच्या जागी भिंतीला लावा. गाडीचा मालक आणि गाडी धुणारा सहसा एकच माणूस नसतो.

आधी गार होऊ द्या

गाडी आली की लगेच पाइप धरू नका. सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, त्यावर गार पाणी पडलं की डिस्क वाकू शकते. त्याहून मोठं कारण डोळ्यांना दिसत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) यांच्यातली हवाही तापलेली असते. बाहेरून गार पाणी पडलं की ती आकसते आणि बाहेरचं आत ओढते. या डब्यांना श्वास घ्यायला वर एक बारीक नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजलेली असेल तर हवा आत यायचा रस्ता बंद होतो आणि सीलच्या कडेने पाणी खेचलं जातं. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल चहाच्या रंगाचं निघतं ते यामुळे.

अर्धा तास थांबा. तेवढ्यात हाताने होणारं काम उरका. मडगार्डच्या आतला आणि फूटरेस्टवरचा चिखल बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडून काढा. खुरपं किंवा पत्रा वापरू नका, प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि एखादी वायर तुटते. मोठी ढेकळं अशी निघाली की पाणी निम्मं लागतं.

पण अर्धा तास म्हणजे दुसरा दिवस नव्हे. चिखल ओला आहे तोवरच धुवा. वाळलाच असेल तर खरवडत बसू नका. ओलं गोणपाट त्यावर टाकून ठेवा, तासाभरात चिखल आपोआप सुटायला लागतो.

माती कुठली, तेही बघा

मावळ-मुळशीच्या भातखाचरातला चिखल बारीक आणि चिकट असतो, पण ओला असताना साध्या पाण्याने निघतो. देशावरच्या काळ्या मातीचं तसं नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून दगड होते. काळ्या रानातून आलेली गाडी रात्रभर ठेवली तर सकाळी रेडिएटरच्या जाळीत विटा थापल्यासारख्या दिसतात. अशी गाडी त्याच दिवशी धुवायलाच हवी, यात सवलत नाही.

कोकणातली आणि महाबळेश्वरकडची तांबडी जांभ्याची माती पांढऱ्या प्लॅस्टिकवर डाग सोडते. डाग बघून लोक तारेच्या घासणीने घासतात आणि प्लॅस्टिक कायमचं खरखरीत करून ठेवतात. डागाने गाडीचं काही बिघडत नाही. त्या मातीतला खडा मात्र ब्रेक पॅडमध्ये अडकून डिस्कला चरे पाडतो, तिकडे लक्ष द्या.

समुद्रकाठची गाडी सगळ्यांत नाजूक. वाळू दिसते म्हणून ती झटकली जाते, मीठ दिसत नाही म्हणून राहून जातं. नागाव, काशीद, दिवेआगरकडून येणाऱ्या गाड्यांना आम्ही हेच सांगतो: कमी दाबाचं गोडं पाणी, पण भरपूर वेळ, आणि त्याच संध्याकाळी. जोरात मारलं तर खारं पाणी कनेक्टरमध्ये आणखी आत जातं. अॅल्युमिनियमच्या भागात जिथे लोखंडी बोल्ट बसलाय तिथे मीठ राहिलं की पुढच्या वर्षी तो बोल्ट खोलताना तुटतो.

प्रेशर पंप

आमचं मत विचाराल तर रोजच्या धुण्याला त्याची गरज नाही. तुमच्या इमारतीवरची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाला १ बारच्या आसपास दाब मिळतो. साधा घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या घरात जातो. एवढ्या दाबाचं बारीक धारेचं पाणी रबरी सीलची पातळ कड उचलून आत शिरतं, आतलं ग्रीस धुऊन काढतं, आणि वरून काहीही दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चाक आवाज करायला लागतं.

पंप वापरायचाच असेल तर पसरट फवाऱ्याचं नोझल लावा आणि दोन फूट तरी लांब राहा. टायर, मडगार्डची आतली बाजू, खालची प्लेट इथे बिनधास्त मारा. चाकाचा मधला भाग, एक्सलची रबरी बुटं (सांध्यावरची आवरणं), मीटर, हँडलवरची बटणं, वायरचे जोड, सीटखालचा हवेचा डबा आणि रेडिएटर यांच्यावर कधीच नाही. सीट काढून तर गाडी धुऊच नका. त्याखाली बॅटरी, फ्यूज आणि बऱ्याच गाड्यांमध्ये गाडीचा मेंदू असतो.

त्याऐवजी पाठीवरचा फवारणी पंप वापरून बघा. दाब बेताचा, पाणी हवं तिथेच पडतं आणि १५-१६ लिटरच्या एका भरतीत नाजूक भाग उरकतात. फक्त पंप या कामाला वेगळा ठेवा. तणनाशक मारलेला पंप गाडीला नको, आणि गाडीच्या साबणाचा पंप पिकालाही नको.

रेडिएटर

बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल, इथे वेळ द्या. एटीव्हीचा रेडिएटर पुढच्या जाळीमागे असतो आणि पुढच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्याच्याच तोंडावर येतो. त्याच्या पत्र्या कागदासारख्या पातळ असतात, बोटाने दाबल्या तरी वाकतात. प्रेशर मारला की त्या आडव्या होतात, मग हवा जायला वाट उरत नाही आणि रेडिएटर स्वच्छ दिसत असूनही गाडी तापते.

दुसरी चूक दिशेची. सगळे जण समोरून पाणी मारतात. चिखल समोरून आलाय, त्याला समोरूनच ढकललं तर तो आणखी आत जाऊन बसतो. पुढची प्लॅस्टिकची जाळी काढा आणि पंख्याच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, साध्या नळाने पाणी सोडा. सुरुवातीला गढूळ पाणी येईल. स्वच्छ आलं की लगेच बंद करू नका, त्यानंतरही पाच मिनिटं चालू ठेवा. मग मागून मोबाइलची टॉर्च धरा आणि पुढून बघा. उजेड सगळीकडून सारखा आला तर काम झालं. एखाद्या कोपऱ्यात काळोख असेल तर तिथे चिखल आहे. मऊ ब्रश पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही.

चावी बंद असताना पंखा बोटाने फिरवून बघा. चिखलाने अडकलेला पंखा फिरायचा प्रयत्न करत राहिला की फ्यूज जातो नाहीतर मोटर जळते. भाड्याच्या लहान ११०-१२५ सीसी गाड्यांना बहुधा रेडिएटर नसतो, इंजिनच्या बाहेरच्या पट्ट्याच त्याला गार ठेवतात. त्या पट्ट्यांमधला चिखल पट्टीने आणि टूथब्रशने काढा.

बेल्ट आणि हवा

मोठ्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या डब्याला स्वतःची हवेची नळी असते, इंजिनला वेगळी. धुताना दोन्हींच्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधा. आणि काढायला विसरू नका! पिशवी लालभडक रंगाची घ्या म्हणजे चालू करायच्या आधी दिसेल.

बेल्टच्या डब्यात पाणी गेलंच तर अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. तशीच रेटलीत तर बेल्ट जळतो, आणि बेल्ट स्वस्त नाही. डब्याच्या तळाला पाणी काढायचं बूच असतं, ते उघडून पाणी सोडा, बूच परत लावा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन मध्यम वेगाने थोडा वेळ चालवा. डब्यात कुठलाही ऑइलचा स्प्रे मारायचा नाही.

एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा. पिळू नका, फाटतो. सावलीत पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावूनच बसवा, कारण कोरडा फोम धूळ अडवत नाही. पेट्रोलने धुऊ नका. त्याने फोमचे जोड सुटतात, आणि गॅरेजला लागणाऱ्या आगी अशाच सुरू होतात. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

डिझेलचा फवारा नको

बऱ्याच वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारतात. गाडी चमकते आणि दोन दिवस गंज लागल्यासारखी दिसत नाही. पण डिझेलने रबरी बुश आणि बुटं फुगतात, त्यावर पुढची धूळ चिकटते आणि थेंब डिस्कवर उडाला तर ब्रेक लागत नाही. त्यांना आधीच स्पष्ट सांगा, फवारा नको. कपडे धुवायची पावडरही नको, तिच्या क्षाराने अॅल्युमिनियम काळं पडतं. गाडीचा साधा शाम्पू पुरे.

खालची प्लेट, आणि ऑक्टोबरचं गवत

गाडीखालच्या संरक्षक प्लेटवर जो चिखल साठतो तो कोणी काढत नाही, कारण दिसत नाही. तो ओल धरून ठेवतो आणि फ्रेम आतून गंजते. प्लेटला भोकं असतात, त्यांतून नळ लावून वाहू द्या. महिन्यातून एकदा प्लेट खोलून काढा.

पाऊस संपला की इथेच धोका बदलतो. कुसळी गवत माथ्यापर्यंत वाढून वाळलेलं असतं, त्याच्या काड्या सायलेन्सरभोवती आणि प्लेटवर अडकतात आणि तापलेल्या सायलेन्सरवर पेट घेतात. ऑक्टोबरपासून पुढे प्रत्येक फेरीनंतर हाताने गवत काढा. त्या दिवसांत पाणी नाही मारलं तरी चालेल, गवत मात्र राहता कामा नये.

पुढचा माणूस बसण्याआधी

भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. अंगठ्याच्या अॅक्सिलरेटरच्या डबीत बारीक वाळू जाते आणि लिव्हर दाबल्यावर परत येत नाही. इंजिन बंद ठेवून तो दाबा आणि सोडा. चटकन मागे यायला हवा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही. जरा जरी रेंगाळला तर ती गाडी त्या दिवशी कोणालाही देऊ नका. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक पहिल्यांदाच बसलेलं असतं, अडकलेला अॅक्सिलरेटर त्याला सावरता येत नाही.

मग इंजिन मोकळ्या हवेत दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी उडून जाईल. हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा दाबा, ओले पॅड सुरुवातीला धरत नाहीत. ड्रम ब्रेकच्या लहान गाड्यांमध्ये चिखल ड्रमच्या आत राहतो, तो उघडल्याशिवाय निघत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला उघडा. चेनच्या गाडीला चेन पुसून वंगण द्या. सस्पेन्शनच्या ग्रीस निपलमध्ये जुनं गढूळ ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारा.

टायरची हवा पेट्रोल पंपावर बघू नका. एटीव्हीला बहुधा ५ ते ७ पीएसआय लागतं (नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे) आणि पंपावरचं मीटर इतक्या खालचा आकडा नीट दाखवत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, एक घेऊन ठेवा.

धुवायचं कुठे

ओढ्यात किंवा धरणाच्या काठाला गाडी उभी करून धुऊ नका. चिखलाबरोबर ऑइल आणि ग्रीसही उतरतं आणि तेच पाणी खालच्या वाडीत प्यायला जातं. खडी टाकलेला एक कोपरा ठरवा. त्याच जागी धुण्याचा आणखी एक फायदा आहे: टायरच्या चिखलातून गाजरगवताचं बी येतं. एका जागी उगवलं तर उपटता येतं, साऱ्या शेतभर गेलं की आवरत नाही.

आमच्याकडे आणताना

सर्व्हिसिंगला आणायची गाडी चकचकीत करून आणू नका. ढेकळं काढा, बाकी राहू द्या. वाळलेल्या चिखलावर जिथे ओला काळा डाग दिसतो तिथेच सील गळत असतं. धुतलेल्या गाडीत तेच शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी तुमच्या बिलात येते.

गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तर सेल्फ मारू नका, ढकलूनही चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाच मिनिटांचं काम पूर्ण इंजिनवर जातं. चावी काढा, बॅटरीची काळी वायर सोडवा, गाडी छोट्या हत्तीत घाला आणि त्याच दिवशी आणा. रविवार असला तरी फोन करा.