लेकराचा वरचा ओठ उचलून पाहा

कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते, लेकरू आजीजवळ राहतं. रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट, झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हेच दातांना जास्त महाग पडतं. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात. सामू (आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दातातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती झीज भरून काढते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्रीची बाटली सगळ्यांत वाईट.

कीड आधी वरच्या पुढच्या दातांना लागते. खालचे दात जीभ आणि लाळ राखतात. महिन्यातून एकदा लेकराला उजेडात मांडीवर आडवं घ्या, ओठ उचला, दात स्वच्छ फडक्याने कोरडे करा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड सुरू झाली आहे. पण भोक पडलेलं नसेल तर ती परतवता येते. त्यासाठी दंतवैद्य दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दात बळकट करणाऱ्या फ्लोराइडचा लेप, लावतात.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. त्याचे पांढरे-तपकिरी डाग बहुधा कायमच्या दातांवर, डाव्या-उजव्या जोडीवर सारखेच दिसतात. तिथे पेस्ट किती आणि कोणती, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

एरवी पहिला दात येताच १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट सुरू करा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंकायला लावा, चूळ भरू देऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्याच हाती हवा. मिश्री मात्र मुळीच नको, ती तंबाखूच आहे.

भोक पडलंच, तर ‘दुधाचे दात, पडणारच’ म्हणून सोडू नका; मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. दंतवैद्याने ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी आणि फ्लोराइड असलेलं पातळ औषध कोरड्या दातावर मिनिटभर लावलं, की सुईशिवाय, मशीनशिवाय कीड बहुतेकदा थांबते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच समजून घ्या. हिरडीला पू धरला असेल तर हा उपाय चालत नाही. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा दातही दाखवा. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. ती कायमची असते. पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजून किडू दिली जाते.