सुश्रुताचा चौथा महिना आणि सोनोग्राफीचा अठरावा आठवडा

"मॅडम, रिपोर्टवर बारा आठवडे लिहिलंय. म्हणजे तीन महिने झाले ना? मग सासूबाई का म्हणतात, तिसरा आत्ता कुठे लागलाय?" पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न सारखा येतो. अशा वेळी दोघींचंही बरोबर असतं, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या दिवसापासून झालेली असते.

सोनोग्राफीचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्या दिवशी गर्भ राहिलेलाच नसतो. पाळी २८ दिवसांची असेल तर गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांमधला, म्हणजे संहितांमधला महिना मात्र गर्भ राहिल्यापासूनचा. रिपोर्टवरचे १२ आठवडे म्हणजे गर्भाचं वय १० आठवडे, ७० दिवस. तीस दिवसांचा महिना धरा, तिसरा लागून दहाच दिवस झालेत! पूर्ण दिवसही असेच दोन प्रकारे मोजता येतात. पाळीपासून २८० दिवस म्हणजे नऊ महिने आणि आठवडाभर, आपल्या 'नऊ महिने नऊ दिवसां'च्या अगदी जवळ. गर्भधारणेपासून २६६ दिवस म्हणजे नऊ चांद्रमास.

हे गणित आधी सांगण्याचं कारण आहे. आमच्या नाशकात, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. बीएएमएस आणि एमबीबीएस, दोन्ही पदव्या तिथूनच मिळतात. आम्ही बीएएमएसवाले, म्हणजे आयुर्वेदाचे विद्यार्थी, गर्भशारीर (गर्भाची रचना आणि वाढ) शिकतो तेव्हा संहिता आणि आधुनिक भ्रूणशास्त्र दोन्ही एकाच वर्षी समोर असतं. मग जोड्या लावायचा मोह होतो: कलल म्हणजे अमुक, घन म्हणजे तमुक. गर्भवतीला सल्ला देताना या जोड्या फार फसवतात.

सुश्रुतसंहितेतला गर्भवाढीचा क्रम पाहू. पहिल्या महिन्यात कलल, म्हणजे बुळबुळीत, आकार नसलेला गर्भ, दुसऱ्यात घन, म्हणजे घट्ट झालेला गोळा, तिसऱ्यात दोन हात, दोन पाय आणि डोकं असे पाच उंचवटे. आधुनिक शास्त्रात हातापायांचे अंकुर गर्भ चार आठवड्यांचा असतानाच दिसू लागतात आणि आठ आठवड्यांत बोटंही वेगळी झालेली असतात. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी तर २८ दिवसांतच बंद होते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस राहिल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. 'पहिल्या महिन्यात नुसता कललच असतो, घाई कशाला' असं कुणी ग्रंथाच्या आधाराने म्हणालं तर ते ऐकू नका.

चौथा महिना मला सगळ्यात जवळचा वाटतो. सुश्रुत म्हणतो, या महिन्यात हृदय व्यक्त होतं, चेतना प्रकट होते आणि गर्भ इच्छा करू लागतो. एका देहात दोन हृदयं, म्हणून ती स्त्री दौहृदिनी. आपले डोहाळे याच कुळातले. प्रत्यक्षात हृदय गर्भधारणेनंतर २२व्या दिवसाच्या सुमाराला धडधडू लागतं आणि पाळीपासूनच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत दिसतंही. मग ग्रंथ चुकला? हृदयाची सुरुवात कधी, असा प्रश्न असेल तर हो. पण आयुर्वेदाचा चौथा महिना रिपोर्टच्या भाषेत साधारण पंधराव्या ते एकोणिसाव्या आठवड्यात येतो, आणि पहिलटकरणीला बाळाची हालचाल पहिल्यांदा जाणवते ती अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या आसपास. आतला जीव आईला कळू लागण्याचा हा काळ. ते वर्णन आईच्या अनुभवाशेजारी ठेवून वाचलं की मला पटतं.

गर्भात आधी काय तयार होतं, यावर सुश्रुतसंहितेत चांगलाच वाद आहे. शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय. धन्वंतरी सांगतात, सगळं एकदमच होतं. बांबूच्या कोंबात किंवा कोवळ्या आंब्यात सगळं असतंच, सूक्ष्म असल्याने दिसत नाही. आज आपल्याला अवयवांचा क्रम ठाऊक आहे, त्यामुळे हे उत्तर जसंच्या तसं टिकत नाही. तरी डोळ्यांपुढे काही नसताना इतकी मतं मांडून तपासणारे लोक मला आदरणीय वाटतात.

पुंसवनाबद्दल, म्हणजे मुलगा व्हावा म्हणून ग्रंथांत सांगितलेल्या विधीबद्दल, मात्र स्पष्टच बोलते. मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी वडिलांच्या शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरतं. नंतर कुठल्याही औषधाने ते बदलत नाही. लिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. 'मुलगा होण्याचं' औषध मागायला कुणी आलं तर मी देत नाही.

आणि आठवा महिना. ग्रंथ सांगतात, या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचं सारभूत बळ, अस्थिर असतं, आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करतं, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा. घराघरात त्याचं झालं, 'सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं नाही.' हे चूक आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो. फुफ्फुसं फुलती ठेवणारा द्रव रिपोर्टवरच्या २४व्या आठवड्याच्या सुमाराला तयार होऊ लागतो आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत बहुधा पुरेसा होतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सक्षमच असतं.

आठव्यात कळा आल्या तर 'आता काय उपयोग' म्हणून घरी थांबू नका. रिपोर्ट घेऊन थेट नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. ३४ आठवडे पूर्ण व्हायचे असतील तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डॉक्टर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते बाळंतपणाच्या आधी पोचलं, तरच बाळाच्या कामी येतं.